हृदयाचा कासरा कोणाच्या हाती?

वैद्यांच्या परिसंवादात मेंदू आणि हृदय यांच्या परस्परसंबंधाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानी पडते : "हे तर आपल्या संहिताकारांनी केव्हाच सांगून ठेवले आहे." टाळ्या पडतात, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो आणि विषय तेथेच संपतो. आम्हीही अशा टाळ्या वाजविल्या आहेत. एकदोनदा मिळविल्याही आहेत. परंतु तीन वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील आमच्या चिकित्सालयात आलेल्या एका रुग्णामुळे या वाक्यावर समाधान मानण्याची आमची सवय मोडली. तो अनुभव आणि त्यातून उपजलेले काही विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रुग्ण चाळिशी ओलांडलेले, कापूस आणि तूर पिकविणारे कोरडवाहू शेतकरी होते. तक्रारी तीन. छातीत धडधड होते, रात्री दोनच्या सुमारास झोप मोडते ती पुन्हा लागत नाही, आणि कामात लक्ष राहात नाही. ही तिसरी तक्रार खरे तर त्यांच्या मुलाची होती. विहिरीवरची मोटार सुरूच ठेवून वडील घरी येतात, कृषिसेवा केंद्रात पैसे देऊन येतात आणि किती दिले ते सांगू शकत नाहीत, असे तो म्हणाला. आम्ही पहिल्या दोन तक्रारी केसपेपरवर लिहिल्या. तिसरी लिहिलीच नाही. मुलाच्या बोलण्यावर आम्ही हसलो असू, असेही आता अंधूकसे आठवते.

नाडी मिनिटाला ९६ होती. हृद्द्रव आणि निद्रानाश, वातप्रधान, असे निदान करून अर्जुन क्षीरपाक दिला, सोबत प्रभाकरवटी दिली. महिन्याने फारसा फरक नव्हता, म्हणून रात्री सर्पगंधा घनवटी सुरू केली. त्यानंतरच्या भेटीत नाडी ६६ वर आली होती, झोपही लागत होती. केसपेपरवर आम्ही 'उपशय' असा शेरा लिहिला. त्याच वेळी बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यायची धडधड कमी झाली जी डाक्टरसाहेब, पण माणूसच बसून गेला. पहिले घाबरत होते, आता बोलतच नाही."

हे वाक्य आम्हांस पुढे कित्येक दिवस सोडीना. नाडी सुधारली होती, माणूस खचला होता. सर्पगंधा त्याच दिवशी बंद केली आणि पहिल्या दिवशी जे विचारावयास हवे होते ते त्या दिवशी विचारले. एका नातलगाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. नातलग गाव सोडून गेला होता. दोन वर्षे ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती. जगणे नकोसे वाटते काय, असे आम्ही सरळ विचारले. उत्तर आले नाही. ते खाली पाहात राहिले. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याची व्यवस्था केली, आणि तोवर त्यांना एकटे ठेवू नये, शेतीची विषारी औषधे घराबाहेर कुलुपात ठेवावीत, असे घरच्यांस बजावले.

नाडी सुधारूनही माणूस का खचला, याचे उत्तर शोधताना आम्हांस शरीरक्रियेचे पाठ पुन्हा वाचावे लागले. त्यांतील काही गोष्टी येथे थोडक्यात सांगतो.

हृदयाला स्वतःची एक गती आहे. मज्जातंतूंचा संबंध तोडला तर ते मिनिटाला सुमारे शंभर वेळा स्पंदन पावते. हृदयप्रत्यारोपण झालेल्या रुग्णात हे दिसते. नव्या हृदयाचे तंतू तुटलेले असल्यामुळे विश्रांतीतही त्याची गती ९० ते ११० च्या आसपास राहते. निरोगी माणसाची स्वस्थ बसलेली नाडी ७० च्या जवळपास असते ती हृदय मंद आहे म्हणून नव्हे, तर कोणीतरी त्याला अखंड आवरून धरीत असते म्हणून. हे काम व्हेगस मज्जातंतूचे. आपल्या शारीराच्या काही पुस्तकांत त्यास 'प्राणदा' असे नाव दिले आहे. (नाव सुंदर आहे, पण त्यामुळे प्राणवायू म्हणजेच व्हेगस असे समजणारे विद्यार्थीही आम्ही पाहिले आहेत.) अनुकंपी संस्था ही बैल हाकण्याची तुतारी मानली, तर व्हेगस हा बैलाचा कासरा आहे. तुतारीचा परिणाम दिसावयास काही सेकंद लागतात. कासरा ओढल्याचा किंवा सैल सोडल्याचा परिणाम पुढच्या एकदोन ठोक्यांतच उमटतो. श्वास आत घेताना कासरा किंचित सैल होतो आणि नाडी थोडी जलद होते. श्वास सोडताना तो पुन्हा ताणला जातो आणि नाडी मंदावते. ठोक्याठोक्यामधील अंतरात होणाऱ्या या बारीक चढउतारास 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' म्हणतात. आपण त्यास 'गतिवैविध्य' म्हणू. घड्याळासारखे एकसारखे ठोके पडणारे हृदय उत्तम, अशी आपली कल्पना असते. वस्तुस्थिती उलट आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत हे वैविध्य ज्यांचे फारच कमी झालेले असते त्यांना मृत्यूचा धोका अधिक, हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून मान्य झालेले आहे.

मग कासरा धरून बसलेला धुरकरी कोण? लंबमज्जेतील केंद्रांपर्यंत हा धागा जातो हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. परंतु तो तेथे संपत नाही. कपाळामागचा मेंदूचा अग्रखंड, विशेषतः त्याचा खालचा व मध्यरेषेजवळचा भाग, भयाची चाहूल घेणाऱ्या ॲमिग्डाला या केंद्रावर दाब ठेवतो आणि त्या वाटेने हृदयावरील कासराही सांभाळतो. जुलियन थेअर आणि रिचर्ड लेन या संशोधकांनी २००० साली या सर्व दुव्यांची एकत्र मांडणी केली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूचा एकेक अर्धभाग औषधाने काही मिनिटे निद्रिस्त करून पाहण्याची एक तपासणी आहे. ती चालू असता हृदयाची नोंद घेतली, तेव्हा नाडी वाढते, गतिवैविध्य घटते आणि उजवा भाग निद्रिस्त केल्यास हा परिणाम अधिक होतो, असे आढळले. ते निरीक्षण २००१ साली प्रसिद्ध झाले. वरचा मेंदू निजला की हृदय धावू लागते, म्हणजे तो एरवी त्याला आवरीत असला पाहिजे.

आमच्या रुग्णाच्या त्या न लिहिलेल्या तिसऱ्या तक्रारीचा उलगडा येथे होतो. अवधान म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणे, अशी आपली ढोबळ समजूत. पण लक्ष देणे म्हणजे इतर शंभर गोष्टींकडे धावणाऱ्या मनाला थोपवून धरणे होय, आणि हे थोपविण्याचे काम त्याच अग्रखंडाचे आहे. नॉर्वेच्या नौदलातील खलाशांवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे गतिवैविध्य अधिक त्यांनी स्मरण आणि अवधान यांच्या कसोट्यांत, विशेषतः मनाला आवर घालावा लागतो अशा कसोट्यांत, अधिक चांगली कामगिरी केली. चिंताविकार असलेल्या रुग्णांत हे वैविध्य कमी असते, हे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली दाखविण्यात आले. शेतात पायाखाली साप दिसला तर धुरकऱ्याने कासरा सोडून देणे हेच शहाणपणाचे. तेथे विचार करीत बसणे घातक. परंतु साप डोक्यातच असेल आणि दोन वर्षे हलत नसेल, तर कासरा सुटलेलाच राहतो. हृदय धावते, मन सापावरच खिळते आणि विहिरीवरची मोटार चालू राहते. तीन तक्रारी, पण आजार एक.

उलट दिशेनेही वाट आहे. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या हृदयाची गती बाहेरून, प्रकाशाच्या साहाय्याने, वाढविली. उंदीर भयभीत झाले. पण सर्वत्र नव्हे, धोका संभवतो अशा ठिकाणीच. मेंदूतील इन्सुला या भागाचे काम थांबविले तेव्हा हृदय धावत असूनही ती भीती ओसरली. हृदय भीतीचा निरोप पाठवू शकते, पण तो निरोप कसा वाचावयाचा हे मेंदू आणि परिस्थिती ठरविते, असा याचा अर्थ आम्ही घेतो. सावकाराच्या तगाद्याखाली जगणाऱ्या माणसाची धडधड आणि लग्नात नाचून आलेल्या तरुणाची धडधड आकड्यांत सारखी असेल, आजार म्हणून सारखी नसते.

आता सर्पगंधेकडे वळू. आमची चूक तेथेच झाली होती.

या मुळीचा आधुनिक इतिहास फार बोलका आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील औषध असा तिचा उल्लेख होता. एकच मुळी डोक्यावर आणि हृदयावर! त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अजमलीन वेगळे केले; हकीम अजमलखान यांचे नाव त्यास दिले. हे द्रव्य हृदयाच्या तालावर परिणाम करते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली नॉरॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रिती करते. म्हणजे ते तुतारी काढून घेते. बैल मंदावतो हे खरे, पण कासरा कोणाच्या हाती आला असे मात्र होत नाही. शिवाय ही द्रव्ये मेंदूतही रिती होतात. धुरकऱ्यालाच डुलकी लागते. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आल्याची निरीक्षणे १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाली. हा संबंध किती घट्ट, यावर पुढे मतभेद झाले. परंतु खिन्न रुग्णास ते देऊ नये हा नियम औषधशास्त्राच्या ग्रंथांत कायम राहिला. आपल्यापैकी किती जण सर्पगंधा लिहिण्यापूर्वी खिन्नतेविषयी एक तरी प्रश्न विचारतात? आम्ही विचारीत नव्हतो.

सर्पगंधेचा आणि आपल्या जिल्ह्याचा आणखी एक जुना संबंध आहे. १९३६ साली गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले, त्याच्या आधीपासून त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रकाशात आणल्या. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा रक्तदाब १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असल्याची नोंद आहे. ते अधूनमधून सर्पगंधेचे थेंब घेत. एका खडतर काळात आपण जणू सर्पगंधेवरच जगत आहोत, अशा अर्थाचे त्यांनी डॉ. सुशीला नय्यर यांना लिहिले होते. सोमवारचे मौन ते पाळीत, आणि शरीराची गरज म्हणूनही मौनाचे महत्त्व त्यांनी लिहून ठेवले आहे.

ही हकीकत आम्ही सांगतो ती अभिमानासाठी नव्हे. आपण वैद्य मंडळी रुग्णाला सहज सांगून मोकळे होतो : "मन शांत ठेवा, रक्तदाब आपोआप उतरेल." मनोनिग्रहाचा, नियमित दिनचर्येचा, मिताहाराचा आणि प्रार्थनेचा आपल्या जिल्ह्याने पाहिलेला सर्वांत कठोर अभ्यासक २२०/११० या आकड्यातून सुटला नाही. मग कपाशीला बोंडअळी लागलेल्या, अंगावर कर्ज असलेल्या माणसास "तुमची धृती कमी पडते" असे सुचविण्याचा आपणास काय अधिकार? अग्रखंड आणि हृदय यांचा संबंध खरा आहे, परंतु तो हृदयविकाराचे एकमेव कारण नाही. रक्तवाहिन्या, वृक्क, वय, कुलवृत्त ही कारणे आपापल्या जागी आहेतच. शांत चेहऱ्यामागे चढलेला रक्तदाब असू शकतो आणि घाबऱ्या चेहऱ्यामागे पूर्ण निरोगी हृदय असू शकते. रक्तदाबमापक आपण वापरतो तो यासाठीच.

संहितांचे काय? त्या आम्ही बाजूस सारलेल्या नाहीत. त्या प्रसंगानंतर अधिकच वाचल्या. चरकाचार्यांनी विमानस्थानात रसवह स्रोतसाचे मूल हृदय आणि दहा धमन्या सांगून, त्याच्या दुष्टीच्या कारणांत जड, थंड, अतिस्निग्ध आहाराच्या जोडीला अतिचिंतन घातले आहे. हृद्रोगाच्या हेतूंत चिंता आणि भय यांची नावे स्पष्ट आहेत. वाग्भटाचार्य प्राणवायूचे स्थान मूर्धा सांगतात, त्याचा संचार उर आणि कंठ यांत सांगतात, आणि बुद्धी, हृदय, इंद्रिये व चित्त यांना तो धारण करतो असे म्हणतात. वर वर्णिलेल्या वाटेशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. मनाच्या कर्मांत इंद्रियांचे नियंत्रण आणि स्वतःचा निग्रह चरकांनी प्रथम सांगितला. अहितकर विषयांकडे धावणाऱ्या मनाला आवरणारी ती धृती, असेही सांगितले.

हे सारे मौल्यवान आहे. तथापि वाग्भटांना अग्रखंड ठाऊक होता, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही आणि कोणी काढू नये असे आमचे नम्र मत आहे. चेतनेचे स्थान चरकांनी हृदय सांगितले, तर भेलसंहितेत मन शिर आणि तालू यांच्यामध्ये व चित्त हृदयात सांगितले आहे. म्हणजे आपल्या आचार्यांतही मतभिन्नता होती, आणि मतभिन्नता असते तेथे विचार जिवंत असतो. या अडचणीतून सुटण्यासाठी संहितांतील 'हृदय' म्हणजे मेंदूच होय, असा अर्थ लावणारेही आहेत. आम्हांस ही कसरत अनावश्यक वाटते. आचार्यांनी रुग्ण पाहिले. चिंतेने ग्रासलेल्या माणसाची छाती धडधडते, झोप जाते, बुद्धी विचलित होते हे टिपले. आणि जे एकत्र दिसले ते एकत्र लिहिले. आम्ही मात्र केसपेपरवर तिसरी तक्रार लिहिली नाही. जे ग्रंथात आधीच आहे म्हणून टाळ्या वाजवितो, ते रुग्णात दिसले तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही, ही खरी लाजेची गोष्ट.

नाडीपरीक्षेबाबतही थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. ती चरक-सुश्रुतांत नाही. शार्ङ्गधराच्या ग्रंथापासून ती आपल्या परंपरेत ठळकपणे दिसू लागते. काम आणि क्रोध यांनी नाडी वेगवान होते, चिंता आणि भय यांनी क्षीण होते, असे तेथे सांगितले आहे. कामक्रोध आणि चिंताभय यांचे असे वेगळे निरीक्षण करणाऱ्या वैद्याची बोटे किती सूक्ष्म असतील! परंतु आजकाल मनगटावर किंवा बोटावर यंत्र लावून, गतिवैविध्याच्या आकड्यांवरून वात-पित्त-कफाचे टक्के छापून देणारी उपकरणे विक्रीस येतात. गतिवैविध्य हे वयाने, मधुमेहाने, कित्येक औषधांनी, चहाने, श्वासाच्या गतीने, एवढेच काय बसण्या-झोपण्याने बदलते. त्यावरून दोषांचे टक्के काढणे म्हणजे कापसाच्या गाडीवर हात ठेवून वजन सांगण्यासारखे आहे. हिंगणघाटच्या बाजारातला कोणताही शेतकरी ते मान्य करणार नाही.

आमच्या चुकीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. वरील प्रसंगानंतर आम्ही इतके सावध झालो, की धडधडीच्या प्रत्येक रुग्णात चिंताच शोधू लागलो. एक तरुण गृहिणी आल्या. धडधड, हाताला कंप, झोप नाही, चित्त स्थिर नाही; सासरी काही कलहही होता. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने समुपदेशन केले, जटामांसी आणि ब्राह्मी दिली. दीड महिन्याने त्यांचे वजन पाच किलोने उतरलेले पाहून थायरॉइडची तपासणी करविली. ग्रंथी अतिरिक्त काम करीत होती. ही तपासणी पहिल्या दिवशीच व्हावयास हवी होती. पहिल्या रुग्णात आम्ही मनाकडे पाहिले नाही; दुसऱ्या रुग्णात मनापलीकडे पाहिले नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सोडली. रुग्णाला सावकाश श्वास घ्यावयास सांगून नाडी श्वासाबरोबर हलते की नाही ते पाहतो. बोटांना हे ढोबळमानानेच कळते आणि त्यावरून निदान करावयाचे नसते. परंतु श्वासाशी संबंध न ठेवता वाटेल तशी अनियमित चालणारी नाडी या एका मिनिटात हाती लागते, आणि असा रुग्ण त्याच दिवशी ईसीजीसाठी जातो. धडधडीच्या प्रत्येक नव्या रुग्णाचा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी करवितो. छातीत दुखणे, दम लागणे किंवा घेरी येऊन पडणे असेल तर आमचे औषध नंतर, आधी मोठे रुग्णालय. सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालये हाताशी असणाऱ्या आपल्या जिल्ह्यात यासाठी सबब सांगता येणार नाही.

अवधान तपासावयास यंत्र लागत नाही. मराठी महिने उलट क्रमाने म्हणावयास सांगतो : फाल्गुन, माघ, पौष... आपल्याकडच्या शेतकऱ्याला चैत्र-वैशाख पाठ असतात. उलट जाताना मनाला आवर घालावा लागतो. कोठे अडखळले ते लिहून ठेवतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारतो. आमच्या त्या पहिल्या रुग्णाला आरंभी कार्तिकाच्या पलीकडे जाता आले नव्हते. ही काही मान्यताप्राप्त कसोटी नव्हे, पण रुग्णाची त्याच्याच आधीच्या स्थितीशी तुलना करावयास उपयोगी पडते.

झोप, कर्ज, घरातील मृत्यू, दारू यांविषयी विचारतो, आणि खिन्नता दिसली तर जगणे नकोसे वाटण्याविषयीही सरळ शब्दांत विचारतो. असे विचारल्याने तो विचार मनात येतो ही भीती निराधार आहे. कोणीतरी विचारले याचाच बहुतेकांना आधार वाटतो. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आमच्या टेबलावरील काचेखाली ठेवलेला आहे.

चिकित्सेत श्वासाला आम्ही पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व देतो, कारण कासऱ्यापर्यंत पोचण्याची ती एकच वाट रुग्णाच्या स्वतःच्या हाती आहे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींवर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते, आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब यांचे परस्परनियमन सुधारते, असे त्यांना आढळले. देव वेगळा, भाषा वेगळी, श्वास सारखा! आम्ही रुग्णाला त्याच्या सवयीचे जे असेल तेच सावकाश म्हणावयास सांगतो. कोणी अभंग म्हणतो, कोणी बुद्धवंदना, कोणी नुसते आकडे मोजतो. यामुळे कर्ज फिटत नाही, हेही त्यांना सांगतो. शिरोधारा, अभ्यंग, ब्राह्मी, अश्वगंधा यांचा उपयोग आम्ही करतो आणि अनुभव चांगला आहे. पण गतिवैविध्यावर व अवधानावर त्यांचा परिणाम नीट मोजलेली पुरेशी कामे होईपर्यंत 'अनुभव चांगला' यापुढे जाण्यास आमची तयारी नाही. ही मोजणी आपल्यालाच करावी लागेल. रुग्णापाशी वीस मिनिटे बसणारा चिकित्सक आज ग्रामीण भागात बहुधा वैद्यच आहे, आणि या आजारात ती वीस मिनिटेच उपयोगी पडतात.

म्हणून आमची एक सूचना आहे. जिल्ह्यातील ज्या वैद्यांची इच्छा असेल त्यांनी धडधडीच्या प्रत्येक नव्या रुग्णाची एका साध्या वहीत नोंद ठेवावी : पूर्ण मिनिटाची नाडी, रक्तदाब, झोपेचे तास, महिन्यांची उलट गणती, तपासण्यांचे निष्कर्ष, दिलेले औषध, आणि सोबत आलेल्या नातलगाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत. फसलेले रुग्ण वगळू नयेत. वर्षअखेरीच्या सभेत या वह्या एकत्र वाचाव्यात. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर, 'उपशय' हा शेरा खोडून, त्या माउलीचे वाक्य लिहिलेले आहे. तिचे यजमान आता दर दोन महिन्यांनी सेवाग्रामला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून परतताना आमच्याकडे डोकावतात. मागील भेटीत नाडी ७८ होती, म्हणजे आमच्या सर्पगंधेच्या दिवसांपेक्षा बारांनी अधिक. महिने मात्र फाल्गुनापासून चैत्रापर्यंत न थांबता म्हणून दाखविले आणि वर अधिक मास कोठे धरावयाचा, असे आम्हांसच विचारले.